खाडीची नावे आणि जीवविज्ञानाची मराठी

कोणत्याही शास्त्राच्या भाषेत दोन जातींचे शब्द असतात. एका जातीचे शब्द विचाराचे, तर दुसऱ्या जातीचे वस्तूचे. ‘उत्क्रांती’, ‘चयापचय’, ‘आनुवंशिकता’ हे पहिल्या जातीचे शब्द होत. ‘तिवर’, ‘निवटी’, ‘चिंबोरी’ हे दुसऱ्या. विचाराचा शब्द घडवावा लागतो, कारण ज्या समाजात तो विचार पूर्वी नव्हता त्या समाजाच्या भाषेत त्याला नाव असण्याचा संभव नसतो. वस्तूचा शब्द शोधावा लागतो. वस्तू डोळ्यांसमोर असते आणि तिच्याशी ज्याचा रोजचा व्यवहार आहे अशा कोणाच्या तरी तोंडी तिचे नाव आधीच नांदत असते. जीवविज्ञान मराठीत आणण्याच्या प्रयत्नांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तो ठेवला म्हणजे असे दिसून येते की, घडविण्याचे काम पुष्कळ झाले आणि शोधण्याचे काम फार थोडे. या विषमतेचे परिणाम केवळ भाषेपुरते राहिलेले नाहीत, संशोधनाच्या गुणवत्तेवरही झालेले आहेत. ते तपासून पाहण्यास ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

सोयीचा अशासाठी की, येथे विद्यापीठीय जीवविज्ञान आणि त्याचा विषय हे एकमेकांच्या शेजारी आहेत. विद्या प्रसारक मंडळाचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९७६ साली स्थापन झाले. ते चेंदणी बंदर मार्गावर, ठाण्याच्या खाडीला लागून आहे. चेंदणीचा कोळीवाडाही तेथून दूर नाही. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ सालचे. सह्याद्रीत उगम पावून कर्जत, बदलापूर या मार्गाने आलेल्या उल्हास नदीला समुद्राच्या भरतीचे पाणी कल्याणच्या परिसरात भेटते, आणि नदीची खाडी होते. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठात चारच विद्याशाखा आहेत. तेव्हा जीवविज्ञानाला स्वतंत्र विद्याशाखा नाही, ते विज्ञान व तंत्रज्ञान या विद्याशाखेत मोडते. अध्यापन मात्र वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा विभागांत वाटले गेले आहे. परिणामी एकाच चिखलातील तिवर एका विभागाच्या वाट्यास येतो, निवटी दुसऱ्याच्या, आणि गाळातील जीवाणू तिसऱ्याच्या. कोळ्याच्या बोलण्यात ही सर्व एकाच संसारातील माणसे असतात.

प्रथम घडविलेल्या शब्दांचा विचार करणे न्याय्य होईल. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने जीवशास्त्रादी विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने लेखन आणि व्याख्याने यांच्या द्वारा हा व्यवहार लोकांपर्यंत नेला, आणि १९७६ पासून मराठी विश्वकोशाच्या खंडांनी त्याला प्रतिष्ठा दिली. या परिभाषेची ‘संस्कृतप्रचुर’ म्हणून टवाळी करण्याची रीत आहे. परंतु ती सरसकट न्याय्य नाही. ‘पेशी’ हा जुना शब्द नव्या अर्थाने इतका रुळला की त्याचे जुनेपण कोणास आठवत नाही. ‘जनुक’ आणि ‘गुणसूत्र’ हे नवे शब्द शालेय पुस्तकांतून घराघरांत गेले. ‘प्रथिन’ हा शब्द तर आहाराविषयीच्या साध्या गप्पांतही ऐकू येतो. हे शब्द यशस्वी झाले याचे कारण उघड आहे. त्यांनी निर्दिष्ट केलेली वस्तू अगर कल्पना मराठी माणसाने पूर्वी पाहिलेली नव्हती, त्यामुळे त्यांना जागेसाठी दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी भांडावे लागले नाही.

जेथे जागा रिकामी नव्हती तेथे मात्र हीच पद्धती चुकीची ठरते. भरती आणि ओहोटी यांच्या दरम्यान उघडी पडणारी जमीन घ्या. तिला ‘आंतरभरती क्षेत्र’ असे संबोधले की शास्त्रीय काम केल्याचे समाधान लाभते. पण भरतीचे पाणी ज्यावर चढते त्या दलदलीच्या खाऱ्या जमिनीला कोकणात ‘खाजण’ म्हणतात. बांध घालून ती लागवडीस आणली की ‘खार’ होते, आणि बांधातून पाणी सोडण्याच्या दारास ‘उघाडी’ म्हणतात. या तीन शब्दांत त्या जमिनीचे तीन प्रकारचे जीवन आले. खाजणात भरतीबरोबर माशांची पिले आत येतात, खारात ती येत नाहीत, आणि उघाडीशी गोडे व खारे पाणी एकत्र होते. ‘आंतरभरती क्षेत्र’ या एका शब्दाने हे तिन्ही भेद पुसले जातात. शास्त्राच्या नावाखाली केलेले हे असे भाषांतर निरीक्षणाला अधिक सूक्ष्म करण्याऐवजी ढोबळ करते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘कांदळवन’ हा शब्द होय. खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या समूहाला मराठीत ‘खारफुटी’ असेही म्हणतात. परंतु शासनाने २०१२ साली या वनांसाठी जो कक्ष स्थापन केला त्याचे नाव ‘कांदळवन कक्ष’ असे ठेवले आणि तेव्हापासून लेखनात हाच शब्द रूढ होत गेला. शब्द सुंदर आहे, मराठी आहे, आणि जुनाही आहे. अडचण एवढीच की, ‘कांदळ’ हे या समूहातील विशिष्ट झाडाचे, मुख्यतः ऱ्हायझोफोरा वंशातील झाडाचे, नाव आहे, आणि ठाण्याच्या खाडीकाठी जे रान दिसते ते बहुतांशी तिवराचे, म्हणजे ॲव्हिसेनिया मरीनाचे आहे. कांदळाचे वन म्हणून जे ओळखले जाते त्यात कांदळ क्वचित आणि तिवर सर्वत्र, अशी ही स्थिती आहे.

हा आक्षेप शब्दच्छलाचा वाटण्याचा संभव आहे; तसा तो नाही. कांदळ आणि तिवर यांचे जगणे भिन्न आहे. कांदळ खोडापासून कमानीसारखी आधारमुळे सोडतो. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर येतात. कांदळ मिठाला बहुतांशी मुळाशीच अडवतो. तिवर ते आत घेऊन पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो, आणि म्हणूनच उन्हाळ्यात त्याच्या पानांवर मिठाचे कण लागलेले आढळतात. कांदळाचे बीज झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे लोंबू लागते. तिवराचे बीज फळाच्या आत रुजते, बाहेरून ते दिसत नाही. या भेदांमुळे कोणते झाड कोणत्या चिखलात, किती खाऱ्या पाण्यात आणि भरतीच्या कोणत्या पातळीवर लावावे हे ठरते. ज्या विद्यार्थ्याच्या मनात सगळा समूहच ‘कांदळ’ या नावाने बसला, तो तिवराच्या जागी कांदळाची रोपे लावण्याची शिफारस करील आणि ती रोपे मेल्यावर दोष चिखलाला देईल. समूहवाचक शब्द आणि जातिवाचक शब्द यांची अशी गल्लत कोळीवाड्यातील भाषेत होत नाही; तेथे तिवर तो तिवर आणि चिपी ती चिपी. २०२० साली महाराष्ट्र शासनाने सोनेरेशिया अल्बा या जातीला, म्हणजे पांढऱ्या चिपीला, राज्याचा खारफुटी वृक्ष म्हणून मान दिला, तेव्हा तिच्या मराठी नावाचा उच्चार तरी सरकारी कागदावर झाला, हे समाधानकारक होय.

शास्त्रीय नाव हाती असताना स्थानिक नावाची गरजच काय, असा प्रश्न प्राध्यापकवर्गातून विचारला जातो. त्याचा पूर्वपक्ष दुबळा नाही. लिनेअसने वनस्पतींसाठी १७५३ साली आणि प्राण्यांसाठी १७५८ साली जी द्विनाम पद्धती प्रस्थापित केली, तिच्यामुळेच ठाण्याच्या अभ्यासकाचे म्हणणे टोकियोच्या अभ्यासकाला कळते. उलट, स्थानिक नाव अनेकदा एकाहून अधिक जातींना लागू असते. ‘बोय’ म्हटल्याने एक जात कळत नाही; त्या नावाखाली अनेक मासे येतात. ‘निवटी’ म्हटल्याने बोलिओफ्थॅल्मस आणि पेरिऑफ्थॅल्मस हे दोन्ही वंश डोळ्यांसमोर येऊ शकतात, आणि त्यांचा आहार तर अगदी निराळा: पहिला चिखलावरील सूक्ष्म शैवाल खरवडून खातो, दुसरा लहान प्राण्यांची शिकार करतो. जो अभ्यासक अन्नसाखळीचा विचार करीत आहे त्याला केवळ ‘निवटी’ या नावावर विसंबून चालणार नाही. हा पूर्वपक्ष पूर्णपणे मान्य केला पाहिजे.

परंतु त्याचा उत्तरार्ध तितका मान्य करता येत नाही. शास्त्रीय नाव निश्चित असते, तरी ते स्थिर असतेच असे नाही. चिंबोरीचे उदाहरण पाहावे. खाडीतील या मोठ्या खेकड्याला दीर्घकाळ सिला सेराटा हे एकच नाव सर्रास लावले जात असे. १९९८ साली सिला वंशाची फेरतपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यात चार जाती वेगळ्या ठरल्या. त्यापूर्वीच्या प्रबंधांतील ‘सिला सेराटा’ म्हणजे या चारांपैकी नेमकी कोणती, हे आज केवळ त्या नावावरून सांगणे अशक्य आहे. नमुना जपून ठेवला असेल तर प्रश्न सुटतो. तो नसेल तर निदान कोळ्याने त्या विशिष्ट खेकड्याला काय म्हटले, तो कोणत्या चिखलात आणि कोणत्या दिवसांत सापडला, याची नोंद उपयोगी पडली असती. वनस्पतींचीही हीच कथा आहे. टाकळ्याचे कॅसिया टोरा हे नाव जाऊन सेना टोरा झाले. भारंगीचे क्लेरोडेंड्रम सेराटम जाऊन रोथेका सेराटा झाले. तिवराचे कुळ तर दोनदा बदलले. बाजारातील टाकळा मात्र टाकळाच राहिला. जुने आणि नवे शास्त्रीय वाङ्मय यांना जोडणारा दुवा म्हणून स्थानिक नावाला जे मोल आहे, ते त्याच्या संदिग्धतेने नाहीसे होत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते; म्हणून दोन्ही लिहिली पाहिजेत.

विशेष नवलाची गोष्ट अशी की, ज्यांना येथील भाषा परकी होती त्यांनी हे काम अधिक निष्ठेने केले. डच मलबारचा अधिकारी ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेला ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ तेथील वैद्यांच्या मल्याळी नावांवर उभा आहे. खारफुटीतील एका वंशाला लॅटिनमध्ये ‘कँडेलिया’ म्हणतात ते त्या ग्रंथातील मल्याळी नावावरूनच, आणि त्याचे ‘कांदळ’ या मराठी शब्दाशी साम्य उघड आहे. फ्रान्सिस डे याने १८७५ ते १८७८ या वर्षांत भारतातील माशांवर लिहिताना देशी भाषांतील नावे टिपली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात (१९०१ ते १९०८) शास्त्रीय वर्णनाबरोबर देशी नावे देण्याचा प्रघात पाळला. या नोंदींतील दोषही सांगितले पाहिजेत. डे आणि कुक यांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत. तेथे ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ट’ आणि ‘त’ यांचा भेद राहत नाही, आणि नाव सांगणारा माणूस बहुधा अनाम राहतो. देवनागरीत लिहिणाऱ्या मराठी अभ्यासकास हे दोन्ही दोष सहज टाळता आले असते. पण विद्यापीठीय प्रबंध इंग्रजीत लिहिले जाऊ लागले तेव्हा कुकची शिस्त मागे पडली, आणि तिची जागा दुसऱ्या कोणत्या शिस्तीने घेतली नाही. मराठीत तिचा आदर्श शोधावयाचा तर विश्वकोशाकडेच वळावे लागते. तेथे वनस्पतींवरील नोंदींच्या आरंभी इतर भारतीय भाषांतील नावे, लॅटिन नाव आणि कुळ ही एकत्र देण्याची पद्धत आहे. कोशाने जे केले ते प्रबंधाने करू नये, यास सबळ कारण दिसत नाही.

येथपर्यंत नावांचा विचार झाला. पण स्थानिक भाषेत नावांखेरीज निरीक्षणाची पद्धतीही साठविलेली असते, आणि तिची उपेक्षा अधिक महाग पडते. खाडीचा कोळी दिवस मोजतो तो तिथीने. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग; उधाणाला पाणी फार चढते आणि फार उतरते, भांगाला थोडे. ही तिथी सांगितली की भरतीची स्थिती न सांगता कळते. उलट, महिन्याच्या ठरावीक तारखेस खाडीतून पाणी व गाळ घेणारा विद्यार्थी एका महिन्यात उधाणाचा आणि दुसऱ्या महिन्यात भांगाचा नमुना घेऊन येतो, आणि मग क्षारतेतील जो फरक चंद्राने केला तो ऋतूच्या खात्यावर मांडतो. भरतीची स्थिती नोंदविणे हे कोणत्याही चांगल्या सागरी अभ्यासाचे प्राथमिक कर्तव्य आहे आणि जाणते मार्गदर्शक ते करवून घेतातच. तरीही नोंदवहीत तारखेशेजारी तिथीचा एक रकाना असता तर ही चूक पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या लक्षात आली असती. ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे शब्द त्याला आजीच्या तोंडून ठाऊक असण्याचा संभव आहे. ते शास्त्राचे शब्द आहेत हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

वनस्पतिशास्त्राच्या बाबतीत हाच मुद्दा बाजारात सिद्ध होतो. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळाच्या जुड्या विकावयास आणतात, आणि त्यांच्याबरोबर काकडाची आंबट हिरवी फळे ठेवतात. शेवळे म्हणजे अळूच्या कुळातील ॲमॉर्फोफॅलस वंशाचा कोवळा फुलोरा. या कुळात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यामुळे घशाला खाज सुटते. काकड, म्हणजे गरुगा पिन्नाटा, घातल्याने ती खाज मोडते असा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. शेवळ्याला काकडाची जोड हे एक गृहीतक आहे, एक प्रयोग आहे आणि त्या प्रयोगाचा निष्कर्षही आहे. त्याची रासायनिक मीमांसा तेवढी प्रयोगशाळेने करावयाची राहते. पण ज्या प्रबंधात शेवळे केवळ लॅटिन नावाने येते तेथे काकडाचा प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण लॅटिनमध्ये त्या दोन झाडांचा परस्परांशी काही संबंध नाही. त्यांना एकत्र आणणारी टोपली मराठी आहे.

याचा अर्थ या प्रदेशातील विद्यापीठीय संशोधन निष्फळ झाले असा करणे अन्यायाचे होईल. १९९१ साली आठल्ये आणि गोखले यांनी ठाण्याच्या खाडीच्या गाळात राहणाऱ्या लायकास्टिस वंशातील कृमीच्या शरीरातील जड धातूंविषयी ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. खाडीचे दूषण पाण्यातच राहत नाही, गाळातील जीवांच्या शरीरात शिरते, हे अशा अभ्यासांनी दाखवून दिले. तो निबंध इंग्रजीत लिहिणे आवश्यकच होते, कारण त्याचे परीक्षक आणि समानधर्मी जगभर पसरलेले आहेत. प्रश्न उरतो तो त्याच्या दुसऱ्या वाचकाचा. गाळातील कृमी ज्या माशांचे भक्ष्य आहेत ते मासे ज्याच्या जाळ्यात येतात आणि ज्याच्या घरी शिजतात, त्याच्यापर्यंत असे निष्कर्ष त्याच्या भाषेत जाण्याची कोणतीही नियमित वाट विद्यापीठीय व्यवहारात नाही. नाव आणि निष्कर्ष या दोहोंच्या बाबतीत वाहतूक एकाच दिशेने चालली आहे: चिखलातून प्रयोगशाळेकडे. परतीचा मार्ग बांधलेला नाही.

तो बांधण्यास मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक पदव्युत्तर प्रबंधास एक मराठी परिशिष्ट जोडता येईल. त्यात अभ्यासलेल्या प्रत्येक जातीचे देवनागरीतील स्थानिक नाव, ते नाव ज्या गावी व ज्या व्यवसायाच्या माणसाकडून मिळाले त्याचा उल्लेख, त्या वेळची तिथी, त्या काळचे शास्त्रीय नाव आणि जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक, एवढे असावे. आणि शेवटी निष्कर्षांचा दोन पानांचा मराठी सारांश. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर लोक जैवविविधता नोंदवह्या ठेवावयाच्या असतात. असे परिशिष्ट त्या नोंदवह्यांना आयतीच सामग्री पुरवील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. या दोन्ही घटनांचा गौरव करणारी भाषणे पुष्कळ होतील. इंग्रजी पाठ्यपुस्तकांची भाषांतरेही होतील, आणि ती व्हावीत. परंतु भाषांतराने इंग्रजीत जेवढे आहे तेवढेच मराठीत येईल. इंग्रजीत जे कधी लिहिलेच गेले नाही ते भाषांतराने मिळणार नाही.

काळाचा प्रश्नही येथे गंभीर आहे. ठाण्याच्या खाडीचा काही भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पाणथळीला संरक्षण लाभले. शब्दांना असे संरक्षण कोणी देत नाही. जो मासा खाडीत येईनासा झाला त्याचे नाव प्रथम तरुणांच्या बोलण्यातून जाते. ज्या वृद्धाच्या स्मरणात ते आहे त्याच्याबरोबर ते नाहीसे होते, आणि त्यानंतर तो मासा तेथे होता याचा तोंडी पुरावाही उरत नाही. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरकडे आजचा अभ्यासक ज्या कुतूहलाने पाहतो, त्याच कुतूहलाने पुढील शतकातील अभ्यासक आजच्या प्रबंधांकडे पाहील. त्या वेळी त्याला त्यांत क्षारतेचे आणि जड धातूंचे आकडे सापडतील. त्या आकड्यांमागच्या जीवांना खाडीकाठची माणसे कोणत्या नावाने हाक मारीत होती, हे त्याला सापडावे की नाही, याचा निर्णय चेंदणीच्या खाडीकाठी आणि कल्याणच्या नदीमुखाशी नोंदवह्या भरणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या मार्गदर्शकांच्या हाती आहे.